वाचकांचे प्रश्न : नाव ग्रुपवर टाकलं म्हणजे शिस्त झाली का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की ज्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांत) कुणी कुणाला कधी टोकतच नाही ती मंडळी नव्हे, रविवारची गर्दी आहे. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर सगळं त्याच विषयाला देऊन टाकतेय. शिस्त म्हणजे चुकलेल्या सभासदाला मंडळीने लावलेली शिक्षा; ती शिस्त लागलेल्यांनी लिहिलंय, शिस्त लावणाऱ्यांनी लिहिलंय आणि नुसतं बघत उभं राहिलेल्यांनीही लिहिलंय. नावं छापत नाही, पत्रं कापून लहान केलीत, त्यातला राग मात्र तसाच ठेवलाय.

माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, आयटीआय करून अप्रेंटिसला लागलाय. मित्राच्या हळदीत बियर प्यायला आणि डीजेसमोर नाचला, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि सकाळी तो आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. दुपारी सेक्रेटरींनी त्याच ग्रुपवर टाकलं की या भावाला तीन महिने प्रभुभोजन (उपासनेतली भाकर-द्राक्षारसाची पंगत) बंद, कॉयर (गायकवृंद) पण बंद. आधी त्याच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. आता तो चर्चला येतच नाही, म्हणतो मला त्या लोकांची तोंडं बघायची नाहीत. त्याचं चुकलं हे मला मान्य आहे, पण हे असं करायचं असतं का? मंडळी बदलू का? (एक आई, भुसावळ)

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुमच्या पोराचं चुकलं, आणि कमिटीचं त्याच्यापेक्षा जास्त चुकलं, कारण तो २२ वर्षांचा पोरगा आहे आणि ते वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, म्हणून निवडून दिलेले लोक आहेत.

बायबलमधला मत्तय १८ काढा, १५ ते १७ वचनं. तुझा भाऊ चुकला तर तू त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला सांग. ऐकलं तर तिथंच विषय मिटला, भाऊ परत मिळाला. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घेऊन जा. त्यांचंही नाही ऐकलं तर मग मंडळीला सांग. तुमच्याकडे शेवटची पायरी पहिली चढले, आणि तीही अशा ग्रुपवर की ज्यात निम्मे लोक कधीच सुरतेला नाहीतर पुण्याला निघून गेलेत, कुणाचा मेव्हणा अॅड झालेला आहे, कुणाचा जुना नंबर आता भलत्याच माणसाकडे आहे. ही काही येशूने सांगितलेली मंडळी नव्हे.

पहिली पायरी लोक का टाळतात हे मला चांगलं माहितीय. अवघड असते ती. चप्पल घालून त्या पोराच्या घरी जावं लागतं, समोर बसून तोंडावर बोलावं लागतं, आणि तो उलटून म्हणू शकतो की काका, तुमच्या मुलीच्या लग्नात मागच्या खोलीत काय चाललं होतं ते मी पण पाहिलंय. फॉरवर्ड करण्यात असला काही धोका नाही. वरून आपण फार पवित्र आहोत असंही वाटतं. आणि स्पष्टच लिहिते, कमिटीला बहुतेक वेळा त्या पोराच्या आत्म्याची काळजी नसते, बाकीच्या मंडळ्यांपुढे आपली अब्रू जाईल याची असते. लोके काय म्हनतीन, हा आपल्या खान्देशातला न लिहिलेला मतांगीकार (विश्वासाची कबुली) आहे.

त्या अध्यायात त्या तीन वचनांच्या आधी काय आहे ते पण वाचा. शंभरातलं एक मेंढरू चुकलं, धनी नव्व्याण्णव सोडून ते शोधायला गेला. आणि नंतर लगेच येशूचा शिष्य पेत्र विचारतो की प्रभू, भावाला किती वेळा माफ करू, सातदा का? आणि येशू म्हणतो सातदा नाही, सातच्या सत्तरपट. म्हणजे शिस्तीची वचनं एका बाजूला शोधणं आणि दुसऱ्या बाजूला क्षमा, अशी मधोमध ठेवलेली आहेत, आणि आपण दोन्ही बाजू कापून मधला तुकडा तेवढा नोटीस बोर्डावर लावतो. आणखी एक गंमत सांगते. दोघं-तिघं माझ्या नावाने जमले तिथं मी त्यांच्यात आहे, हे वचन आपण पावसामुळे प्रार्थनेला चारच माणसं आली की म्हणतो ना, ते याच ठिकाणचं आहे, २० वं वचन. चुकलेल्या भावाला परत आणायला जे दोघं-तिघं निघालेत त्यांना दिलेलं ते वचन आहे.

आता दारूबद्दल. मी ती हलकी करत नाहीये. इफिसकरांस पत्रात ५:१८ ला स्पष्ट आहे की द्राक्षारसाने मस्त होऊ नका. आणि आपल्या भागात दारूने घरंच्या घरं धुवून नेलीत, जुन्या लोकांपैकी कितीतरी जणांची पहिली साक्षच ही की प्रभू मिळाला आणि बाटली सुटली, त्यामुळे वडीलधारी मंडळी या एका गोष्टीवर एवढी पेटतात ते मला समजतं, तुमच्या मुलालाही ते कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे. पण प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीत ज्याला बाहेर काढायला सांगितलं (पहिलं पत्र, अध्याय ५) तो माणूस बापाच्या बायकोबरोबर राहत होता, उघड उघड, थांबायचं नाव नाही आणि मंडळी वरून फुगलेली. एका हळदीतली बियर आणि ते प्रकरण यांना एकच माप लावायचं असेल तर मग चहाड्या, जमिनीचे वाद, सुनेला टोमणे, सगळ्यांचे व्हिडिओ काढावे लागतील आणि प्रभुभोजनाला पाळकांशिवाय कुणी उरणार नाही, कदाचित तेही नाहीत.

व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणारा जो आहे त्याच्याकडे कोण गेलं? नीतिसूत्रे ११:१३ काय म्हणतं बघा, लावालावी करणारा गुप्त गोष्टी उघड करतो, विश्वासू मनाचा माणूस त्या झाकून ठेवतो. त्याला तीन दिवस तरी कॉयर बंद झाली का? मला वाटत नाही.

तुम्ही आता काय करायचं. कमिटीला ग्रुपवर उत्तर लिहू नका, कितीही हात शिवशिवले तरी. ज्या एका वडिलांवर तुमचा जास्त विश्वास असेल त्यांच्या घरी जा आणि दोन गोष्टी मागा, तो व्हिडिओ आणि तो मेसेज डिलीट व्हावा, आणि कमिटीतल्या कुणीतरी एकाने पोराला घरी येऊन भेटावं. प्रार्थना घ्यायला नको, नुसतं चहा प्यायला यावं. पोराला काही दिवस चर्चबद्दल बोलू नका, जेवायला वाढा, कामाचं विचारा. रविवारी कुणी विचारलं की कसा आहे तो, तर सांगायचं घर जवळच आहे, जाऊन विचारा. मंडळी बदलायची गोष्ट एवढ्यात नको. दोघातिघांना घेऊन गेल्यावरही कमिटीने ऐकलंच नाही तर मग जरूर बदला, रीतसर पत्र घेऊन जा, गुपचूप नको.

मला चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करता येत नाही, वचनं पाठ राहत नाहीत, दृष्टांत वगैरे कधी झाला नाही. आमच्याकडे ज्यांना हे येतं त्यांनाच आत्मिक म्हणतात. मी १५ वर्षं विश्वासात आहे, मी अजून बाळच आहे का? (एक ताई, रावेर)

तुमच्याकडे केळी पिकवतात. पावडर टाकलेला घड रात्रीत पिवळा होतो आणि साल काढली की आत दगड, हे मी तुम्हाला काय सांगणार. करिंथकर बोलण्यात, ज्ञानात, वरदानांत कशातच कमी नव्हते, पहिल्याच अध्यायात पौल तसं लिहितो, आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना बाळ म्हणतो, मी तुम्हाला दूध पाजलं म्हणतो. कारण काय दिलंय? तुमच्यात हेवा आणि कलह आहे. इब्री ५:१४ मध्ये प्रौढ कोण तर ज्याला सरावाने चांगलं-वाईट ओळखता येतं तो. आवाजाचं माप कुठंच नाही. जावेशी बोलणं बंद आहे का, असेल तर आधी कोण बोलणार, यावरून स्वतःला बघा.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये बारडोलीकडे जातो, होळीला कसंबसं घरी येतो, सीझन लांबला तर परत जावं लागतं. मंडळीच्या रजिस्टरला आमची नावं अनियमित सभासद म्हणून लिहिलीत आणि वार्षिक मीटिंगला मत देता येत नाही. पाळक म्हणतात इब्री १०:२५, एकत्र मिळणे सोडू नका. आम्ही सोडलं का? (एक भाऊ, नवापूर तालुका)

नाही भाऊ, तुम्ही नाही सोडलं. तुम्ही उचल घेतलीय, मुकादमाला शब्द दिलाय, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात आणि ट्रक आला की रात्री पुन्हा मोळ्या भरायला, कारखाना काही रविवार बघत नाही. इब्री १०:२५ मध्ये कित्येकांची चाल म्हणून जे लिहिलंय ते सवयीने, मनाने लांब जाणाऱ्यांसाठी आहे, आणि वचनाचा दुसरा अर्धा भाग तर आहे की एकमेकांना बोध करा, हिंमत द्या. म्हणून उलट प्रश्न मी तुमच्या पाळकांना विचारते, त्या पाच महिन्यांत तुम्ही त्यांच्या पालांवर किती वेळा गेलात? नवापूरहून बारडोली म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे.

अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला आठवतात? नवरा-बायको, तंबू शिवायचा धंदा. रोमचा बादशहा क्लौद्य कैसर याने यहुद्यांना रोममधून हाकललं म्हणून करिंथात आले, तिथून इफिसास गेले, पुढे पुन्हा रोममध्ये दिसतात. पौलाच्या पत्रांत बघा, इफिसातही त्यांच्या घरात मंडळी भरते (१ करिंथ १६:१९) आणि रोममध्येही (रोम १६:५). कामासाठी गाव बदलणारं जोडपं, आणि जिथं पाल टाकलं तिथं मंडळी. त्यांना कुणी अनियमित लिहिलं नाही, पौल त्यांना सहकारी म्हणतो. तुमच्या टोळीत विश्वासातली चार-पाच घरं तरी असतीलच, ट्रक उशिरा येणार असेल त्या रात्री आपल्या मावची बोलीत दोन गाणी, एक अध्याय, एक प्रार्थना, पंधरा मिनिटं पुरे. मोबाईलवर ऑडिओ बायबल पण मिळतं, ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येतं. फक्त एक, यूट्यूबवरचे मोठमोठे प्रचारक लावून ठेवू नका सगळा वेळ, ते छान बोलतात पण तुमच्या बायकोला ताप आला हे त्यांना माहिती नसतं.

आणि मताचं. वार्षिक मीटिंग जर दर वर्षी जानेवारीतच ठेवली जात असेल, म्हणजे निम्मी मंडळी फडात असताना, तर ती मे महिन्यात घ्या असा अर्ज सगळ्यांनी मिळून द्या. यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना शिस्त नाही लावली, व्यवस्था बदलली, सात माणसं नेमली (प्रेषित ६).

हंगामाच्या सणाच्या लिलावात आमच्याकडे बरीच रक्कम जमली. सहा महिने झाले, हिशेब नाही. मी मीटिंगमध्ये विचारलं तर एक वडील म्हणाले परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नकोस. आता मला बंडखोर म्हणतात आणि संडे स्कूल शिकवणं माझ्याकडून काढून घेतलं. मग मी पण ग्रुपवर टाकलं की पैसे कुठं गेले ते सांगा. (एक तरुण, चाळीसगाव)

हंगामाच्या सणाचं नाव काढलं की मला तो लिलाव डोळ्यापुढे येतो. वेदीपुढे कणसं, बाजरीची पाटी, पाय बांधलेला गावरान कोंबडा जो बरोबर संदेशाच्या मध्ये ओरडणार, कुणाच्या तरी परसातला हा एवढा भोपळा. उपासना संपली की बाहेर मंडपात बोली. एक लिंबू पाचशेला जातं, घेणारा तेच परत दान करतो, परत बोली, आजीबाई पदराची गाठ सोडून वीस रुपये वाढवते आणि सगळे टाळ्या वाजवतात. तिची ती वीसची नोट कुठं लागली हे तिला कळायला पाहिजे की नको?

अभिषिक्ताचं, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाचं, वचन कुठून आलं बघू. दावीदाने शौल राजाला गुहेत मारलं नाही, म्हणाला परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही (१ शमुवेल २४). हात टाकणं म्हणजे तिथं तलवारीने मारणं. त्याच अध्यायात दावीद बाहेर येऊन सगळ्या सैन्यापुढे शौलाला ओरडून विचारतो की माझा काय अपराध, तू माझ्यामागे का लागलास, परमेश्वर तुझा-माझा न्याय करो. म्हणजे जाब विचारलाच की. स्तोत्र १०५:१५ मधलं वचन तर अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे, परक्या राजांनी त्यांना त्रास देऊ नये म्हणून. खजिनदाराच्या वहीचा तिथं काही संबंध नाही.

पैशाचं पौल कसं करायचा ते २ करिंथ ८ मध्ये आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी दान गोळा केलं तर ते एकट्याने नेलं नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, आणि कारण लिहून ठेवलं (२० आणि २१ वचन) की या मोठ्या रकमेबद्दल कुणी आमच्यावर बोट ठेवू नये, फक्त प्रभूच्या नाही तर माणसांच्या नजरेतही जे चांगलं ते करायचंय. प्रत्यक्ष पौलाला साक्षीदार लागत होता आणि आपल्या वडिलांना वही दाखवायचा राग येतो. तुमची मंडळी ट्रस्ट म्हणून रजिस्टर असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारकच आहे, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस त्यासाठीच आहे, ही मेहरबानी नाही.

आता तुझ्याकडे येते दादा. हिशेब मागणं बरोबर, मीटिंगमध्ये मागणं बरोबर. ग्रुपवर पैसे कुठं गेले म्हणून टाकणं, ते बरोबर नाही, कारण त्यात प्रश्न नाही, आरोप आहे, आणि १ तीमथ्य ५:१९ सांगतं की दोघं-तिघं साक्षीदार असल्याशिवाय वडिलावरचा आरोप दाखल करून घेऊ नये. कदाचित खजिनदाराने खरंच काही खाल्लं नसेल, नुसता आळशी असेल, पावत्या डब्यात कोंबून ठेवल्या असतील, असे मी कितीतरी बघितलेत. ती पोस्ट काढ आणि काढली म्हणून सांग. मग दोन सभासदांच्या सह्या घेऊन लेखी अर्ज दे, तारीख टाक, पोच घे. आरोप शाबीत झाला तर पुढचं २० वं वचन आहे, सगळ्यांदेखत कानउघाडणी, मग तिथं झाकाझाक नको. पेत्राचं चुकलं तेव्हा पौलाने त्याला अंत्युखियात तोंडावर विरोध केला (गलती २:११), आणि पेत्र काही लहान माणूस नव्हता.

संडे स्कूल काढून घेतलं हे वाईट झालं, सूड आहे तो. पण पोरांना भेटायला तुला कमिटीचा ठराव लागत नाही.

माझे मिस्टर मंडळीत वडील आहेत, उपासना चालवतात, आणि घरी मला मारतात. पाळकांना सांगितलं. ते म्हणाले पतीच्या अधीन राहा, प्रार्थना करा, एकदा दोघं बसून बोला, आणि पोलिसात जाऊ नका कारण भावाने भावावर कोर्टात जाऊ नये असं पौल म्हणतो. (गाव छापत नाही)

बाई, तुम्हाला चुकीचं सांगितलंय.

१ करिंथ ६ मधला तो भाग देण्याघेण्याच्या, व्यवहाराच्या भांडणांचा आहे, तिथं पौल म्हणतो त्यापेक्षा नुकसान सोसा. अंगावर हात टाकण्याबद्दल तो नाही. स्वतः पौलाला यरुशलेमात चाबकाने मारायला बांधलं तेव्हा तो गप्प बसला नाही, शताधिपतीला (रोमी फौजेतल्या अधिकाऱ्याला) विचारलं की रोमी माणसाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का (प्रेषित २२:२५), आणि पुढे सरळ कैसराकडे दाद मागितली. रोम १३ मध्ये तोच म्हणतो की अधिकारी वाईट करणाऱ्याला शिक्षा द्यायला देवाचा सेवक आहे. आणि वडील कसा असावा याची जी यादी १ तीमथ्य ३ आणि तीत १ मध्ये आहे तिच्यात दोन्हीकडे आहे, मारका नसावा. म्हणजे ज्या दिवशी हे खरं असल्याचं कळलं त्या दिवशी त्यांचं वडीलपण संपलं, उपासना चालवणं तर लांबच.

आणि दोघं बसून बोला, हा मत्तय १८ चा सल्ला इथं लागू करू नका. ते भावाभावातल्या अपराधासाठी आहे, मार खाणाऱ्या बाईने मारणाऱ्यासोबत खोलीत एकटीने बसावं यासाठी नाही. एकट्या बसू नका. जीवाला धोका वाटला त्या क्षणी ११२ लावा, महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क देतो, घर कुणाच्याही नावावर असो, आणि संरक्षण अधिकारी असतात ते अर्ज करायला मदत करतात. माहेरच्या एका माणसाला आणि महिला मंडळातल्या जिच्या पोटात गोष्ट राहते अशा एका बाईला आजच सांगून ठेवा, कागदपत्रं आणि थोडे पैसे तिच्याकडे ठेवा. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे नंतर, सुरक्षित जागी बसून बघू. क्षमा केली म्हणजे परत त्याच खोलीत जायलाच पाहिजे असं नाही.

आमच्या कमिटीने दर ठरवलाय. दारूला तीन महिने, भांडणाला सहा, पळून जाऊन लग्न केलं तर एक वर्ष प्रभुभोजन बंद. एका भावाचे चार महिने बाकी आहेत पण माणूस खरोखर बदलला, घरोघर जाऊन माफी मागितली. काहीजण म्हणतात मुदत पुरी होऊ द्या, नाहीतर धाक राहणार नाही. शास्त्राप्रमाणे किती महिने? (कमिटीतला एक सभासद, नंदुरबार)

शास्त्रात महिने नाहीत. पळून जाऊन लग्न, दोघं वयात आलेली असतील आणि लग्न नीट लागलं असेल तर ते पाप कुणी ठरवलं हे पण मला अजून कळलेलं नाही, पण ते असू द्या.

तुमची कमिटी कडक आहे असं वाटत असेल तर इ. स. ३२५ ची निकियाची परिषद, म्हणजे ठिकठिकाणच्या बिशपांची सभा, बघा. रोमी बादशहा लिकिनियच्या छळात जे कुणी जबरदस्ती नसताना, मालमत्ता जायची भीती नसताना विश्वास सोडून गेले होते आणि आता परत येऊ म्हणत होते त्यांच्यासाठी त्या परिषदेने नियम केला, अकरावा नियम, तीन वर्षं नुसतं ऐकणाऱ्यांत बसायचं, सात वर्षं गुडघे टेकून पालथं पडणाऱ्यांत, मग दोन वर्षं लोकांबरोबर प्रार्थना पण प्रभुभोजन नाही. बारा वर्षं झाली! तुमचे तीन महिने त्यापुढे काहीच नाहीत. पण लगेच पुढच्या, बाराव्या नियमात तेच लोक म्हणतात की ज्याचा पश्चात्ताप अश्रूंनी आणि कामांनी दिसतो त्याच्याशी बिशपने जास्त ममतेने वागायला हरकत नाही, आणि जो नुसती हजेरी लावून मुदत भरतो त्याने मात्र ती पूर्ण भरावी. तेरावा नियम तर असा की मरणाला टेकलेल्याला प्रभुभोजन नाकारायचंच नाही, मुदत काही का राहिलेली असेना. एवढ्या कडक माणसांनाही कळत होतं की मोजायचं ते माणसाच्या मनाला, कॅलेंडरला नाही.

आणि निकियाच्या कितीतरी आधी, २ करिंथ २:६ ते ८, तिथं पौल एका चुकलेल्या माणसाबद्दल लिहितो. बहुतेकांनी दिलेली ही शिक्षा त्याला पुरे झाली, आता उलट त्याला क्षमा करा, सांत्वन करा, नाहीतर अति दुःखाने तो बुडून जाईल. हा पहिल्या पत्रातला, बापाच्या बायकोबरोबर राहणाराच माणूस की दुसरा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण पौल काय म्हणतोय त्याला त्याने फरक पडत नाही. धाक राहणार नाही म्हणता, तर धाक कशाचा ठेवायचाय? परत येऊ देणार नाहीत याचाच धाक राहिला तर पुढचा चुकलेला माणूस माफी मागायला येणारच नाही, दुसऱ्या मंडळीत जाऊन बसेल, आणि आपल्याकडे एका रस्त्यावर तीन-तीन मंडळ्या आहेत, दोन मिनिटांचं काम.

येत्या प्रभुभोजनाला त्याला बोलवा. पुढे उभं करून त्याच्या पापाचं पुन्हा वाचन करू नका, पाळकांनी फक्त एवढं म्हणावं की आपला भाऊ आपल्यात आहे, आणि ज्या वडिलांचा सगळ्यात जास्त विरोध होता त्यांनीच त्याच्या हातात भाकर द्यावी. त्यांना जड जाईल. जाऊ द्या.

एका घराला मंडळीने शिस्त लावलीय, बापाचं प्रकरण आहे. त्यांच्या दोन मुलांना यंदा ख्रिसमसच्या नाटकात घेऊ नका असं मला सांगितलंय. मी नाटक बसवते. मेंढपाळ आणि देवदूत म्हणून त्यांची नावं आधीच लिहिली आहेत. (एक टीचर, अमळनेर)

खोडू नका. यहेज्केल १८:२०, बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही, कमिटीला हे वचन एका चिठ्ठीवर लिहून द्या आणि तालमीची वेळ पोरांच्या आईला फोन करून सांगा. देवदूताचे पंख कागदाचे नको, मागच्या वर्षी आमच्याकडे पडद्यात अडकून फाटले, जुन्या साडीचे शिवा.